फुकटचे घर आणि महिन्याचा हिशेब

वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीतून पाचशे चौरस फुटांच्या, स्वतःच्या मालकीच्या घरात! इमारत चाळीस मजल्यांची, घरातच संडास, घरातच न्हाणीघर. ज्यांच्या तीन-तीन पिढ्यांनी सकाळी हातात डबा घेऊन संडासाची रांग लावली, त्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आले असेल तर नवल नाही. त्या आनंदात विरजण घालण्याचा या लेखाचा हेतू नाही. उलट तो आनंद वीस वर्षांनीही टिकावा, एवढ्यासाठीच चार शब्द लिहीत आहे.

माझे माहेरही बी.डी.डी. चाळीतलेच, डिलाईल रोडचे. तिकडेही नव्या इमारती उभ्या राहात आहेत. मागच्या पौर्णिमेला वंदनेसाठी गेले होते. वंदना झाली, खीर वाटून झाली आणि बायका नेहमीप्रमाणे घराच्या विषयावर आल्या. कुणी टाइल्स म्हणत होती, कुणी पडदे. आमच्या थकलेल्या आत्याबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "बाय, तू शिकलेली हायस म्हणून इचारते. बाविसाव्या मजल्यावर मी मेले तर मला खाली कशी आणतील? त्या लिफ्टमध्ये आडवी मावेन काय गो मी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. परंतु घरी येताना लोकलमध्ये हसू ओसरले. कारण मी स्वतः लग्नानंतर उपनगरातल्या एका झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सात मजली इमारतीत राहते. माझ्या सासऱ्यांना शेवटच्या आजारात सहाव्या मजल्यावरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून खाली आणावे लागले होते. लिफ्ट होती, पण ती सहा उभ्या माणसांची. स्ट्रेचर तिच्यात जात नव्हते. आराखडा कागदावर होता तेव्हा हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नाही. विचारायचा असतो हेच माहीत नव्हते.

चाळींचा जन्म

बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली हे खाते स्थापन झाले. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता आणि पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, चाळीत ऐंशी. मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला सामाईक संडास.

गंमत अशी की, या खोल्या बांधून झाल्या तेव्हा कामगार त्यांत राहायला तयार नव्हते. भाडे परवडत नव्हते, गिरणी लांब पडत होती, सिमेंटच्या भिंती कोंदट वाटत होत्या. वरळीच्या कित्येक चाळी रिकाम्याच पडून होत्या आणि १९३० च्या सविनय कायदेभंगात सरकारने त्यांचा तुरुंगासारखा उपयोग केला. शंभर वर्षांपूर्वीच्या या प्रसंगातून आजही शिकण्यासारखे आहे. साहेबांनी घर किती खर्चात बांधता येईल एवढेच पाहिले. ज्याला राहायचे त्याला ते महिन्याकाठी कसे पडेल, हे पाहिले नाही.

पुढे त्याच चाळी आपल्या माणसांनी भरल्या. कोकणातून, घाटावरून आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या खोलीत दहा-दहा माणसांचे संसार केले. रात्री बाया-पोरे आत आणि पुरुष माणसे पॅसेजमध्ये वा मैदानात झोपायची. चळवळही तेथेच वाढली. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या चाळी पेटल्या, १० जानेवारीच्या मोर्च्यात भागवत जाधव शहीद झाले, तो इतिहास आपल्या घरांत आजही सांगितला जातो. सभा मैदानात, बैठक पॅसेजमध्ये, वर्गणी जिन्यावर!

तरीही चाळीच्या आठवणी काढून गळे काढणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. त्यातले बहुतेक जण चाळ सोडून केव्हाच गेलेले असतात. वयात आलेल्या मुलीला कपडे बदलायला आडोसा नाही, बाळंतिणीला रात्री-अपरात्री पॅसेजच्या टोकापर्यंत जावे लागते, पावसाळ्यात छताचे पोपडे ताटात पडतात, ही आमची चाळ होती. ती पडायलाच हवी होती. प्रश्न आहे तो तिच्या जागी काय उभे राहते याचा.

बाबासाहेबांच्या दोन खोल्या

परमपूज्य बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. एक नंबरची चाळ, दुसरा मजला, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. बी.आय.टी. म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, शहरात हवा-उजेड खेळावा म्हणून सरकारने ती संस्था काढली. प्लेगमध्ये माणसे पटापट मेली तेव्हा राज्यकर्त्यांना कळले की गरिबाच्या खोलीतला अंधार श्रीमंतालाही भोवतो.

त्या दोन खोल्यांत कुटुंबाचा संसार सांभाळून बाबासाहेबांनी अभ्यास केला. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले आणि १९३४ च्या सुमारास तेथे राहायला गेले. ते बांधताना त्यांनी आधी विचार केला तो ग्रंथांचा. पुस्तके कोठे राहतील, वाचायला कोठे बसता येईल, हे ठरवून घर बांधणारा माणूस आपला नेता होता. मग आपल्या मुलांच्या अभ्यासाचे टेबल नव्या घरात कोणत्या खिडकीपाशी येणार, हे आपण आराखडा पाहताना का विचारू नये?

दाटी वेगळी, उंची वेगळी

आता थोडे आकड्यांकडे वळते. मी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर बसते, त्यामुळे ही खोड लागली आहे.

आपल्याला नेहमी सांगितले जाते की, मुंबईत जागा कमी आणि माणसे फार, म्हणून उंच टॉवरशिवाय गत्यंतर नाही. पाहू या. चारही ठिकाणच्या बी.डी.डी. चाळी मिळून सुमारे ९२ एकरांवर आहेत. २०७ चाळी आणि चाळीत ८० खोल्या म्हणजे साडेसोळा हजारांवर खोल्या. एकरी पडल्या १८० खोल्या, म्हणजे १८० बिऱ्हाडे. आणि इमारती तळमजला अधिक तीन, म्हणजे चारच मजल्यांच्या! शिवाय मधे मैदाने, झाडे, दोन चाळींच्या मधे मुलांना क्रिकेट खेळता येईल एवढी मोकळी जागा. म्हणजे दाट वस्ती करायला उंचच जावे लागते असे नाही.

अर्थात १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांचे घर द्यायचे तर बांधकाम तिपटीहून थोडे अधिक लागणार. चार मजल्यांचे तेवढ्याच जागेवर साडेबारा होतील. त्यात लिफ्ट, जिने, रुंद पॅसेज यांची भर घाला, पंधरा-सोळा मजले धरा. मग वरळीत चाळीस मजले का? उत्तर सोपे आहे. राहणाऱ्यांना कमी जागेत उंच उभे केले, म्हणजे उरलेली जमीन विक्रीच्या इमारतींसाठी मोकळी होते आणि त्या विक्रीतून आपल्या घराचा खर्च निघतो. मी याला लबाडी म्हणत नाही. सरकारने तिजोरीतून पैसे घातले नाहीत तर पैसा कोठून तरी यायलाच हवा. पण मग 'फुकट घर' हा शब्द आपण तरी वापरू नये. त्या घराची किंमत जमिनीने दिलेली आहे आणि त्या जमिनीवर आपल्या लोकांनी शंभर वर्षे राहून शहर चालवले आहे. किंमत देऊन घेतलेल्या वस्तूत खोट दिसली तर गिऱ्हाईक विचारते. फुकट मिळालेल्या वस्तूत कोणी विचारत नाही. आपण गिऱ्हाईक म्हणून विचारायचे.

आमच्या इमारतीचा जमाखर्च

एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना, १९९५ पासून चालू आहे. पूर्वी २२५ चौरस फुटांचे घर मिळे, नंतर २६९ चे झाले, आता ३०० चे. पूर्वीच्या नियमाप्रमाणे बिल्डरने इमारतीच्या देखभालीसाठी प्रत्येक घरामागे वीस हजार रुपये जमा करायचे असत. त्याच्या व्याजात इमारत सांभाळावी अशी कल्पना होती. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, म्हणून आमच्याच इमारतीचा हिशेब वाचकांपुढे ठेवते.

घरे ८४. महिन्याचा खर्च असा : पंप, लिफ्ट आणि जिन्यातील दिवे यांचे विजेचे बिल २६ हजार, पाण्याचे बिल १५ हजार, रात्रीचा वॉचमन १४ हजार, झाडूवाला आणि कचरा १० हजार, लिफ्टचा करार व दुरुस्ती ९ हजार, टाक्या धुणे आणि पंपाची दुरुस्ती सरासरी ५ हजार, ऑडिट व किरकोळ ३ हजार. एकूण ८२ हजार. घरामागे ९७६ रुपये. यात एक पैसा चैनीचा नाही.

शिवाय सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड बाजूला काढायचा असतो. घराचा बांधकाम खर्च आठ लाख धरला तरी वर्षाला आठ हजार, म्हणजे महिन्याला ६६७. बेरीज झाली १,६४३.

आता जमेची बाजू. वीस हजारांवर सात टक्के व्याज वर्षाला १,४००, म्हणजे महिन्याला ११७ रुपये. वजा करा. घरामागे १,५२६ रुपये दर महिन्याला लागतात. आम्ही घेतो ७००. तेही निम्मी घरेच वेळेवर देतात. देणार कोठून? कुणी चार घरची धुणीभांडी करते, कुणी कंत्राटी सफाई कामगार आहे, कुणी नाक्यावर उभा राहून काम मिळवतो. झोपडीत असताना त्यांना लिफ्ट नव्हती म्हणून लिफ्टचा खर्चही नव्हता.

मग काय होते? प्रथम रंग राहतो. मग गच्चीची गळती राहते. दोनपैकी एक लिफ्ट बंद पडते, तिचे सुटे भाग काढून दुसरीला लावतात. वॉचमन जातो. विजेचे बिल थकले की पंप बंद आणि सहाव्या मजल्यावरच्या सुनेच्या डोक्यावर पुन्हा हंडा! आमच्या ८४ घरांपैकी जवळजवळ वीस कुटुंबे घर भाड्याने देऊन वा कागद करून परत झोपडीत नाहीतर वसई-विरारच्या पलीकडे गेली. लोक म्हणतात, 'यांना घर दिले तरी विकून खातात.' असे म्हणणाऱ्यांना मी हा जमाखर्च वाचायला देते.

आगीचे तर बोलायलाच नको. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावात एसआरएच्या इमारतीत आग लागली आणि किमान सात जणांचा जीव गेला. खाली पार्किंगमध्ये चिंध्यांचे गठ्ठे ठेवलेले होते. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी आम्ही आमचा जिना पाहिला. जुन्या सायकली, भंगार, एक पाय मोडलेले कपाट. दोन तास लागले मोकळा करायला आणि भांडणे झाली ती वेगळीच.

अंधाराची किंमत

गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाऊंड व नटवर पारेख कंपाऊंड आणि त्यांच्याशी तुलनेसाठी पी.एम.जी. कॉलनी, या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने मुंबईच्या आयआयटीतील अभ्यासकांबरोबर केला. तो २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन वसाहतींत इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर, म्हणजे दहा फूट. तेथे क्षयरोग पुष्कळ जास्त आढळला. खालच्या मजल्यांवर, जेथे ऊन आणि वारा पोहोचतच नाही, तेथे धोका अधिक. पी.एम.जी. कॉलनीत इमारती अंतरावर होत्या, तेथे प्रमाण कितीतरी कमी.

याचे मूळ नियमांत आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत हेक्टरी घरांची कमीत कमी संख्या ठरवून दिली, आधी ५००, पुढे ६५०. इतकी घरे बसवलीच पाहिजेत, हे कायद्याने सांगितले. पण खाटेवर ऊन किती वेळ पडले पाहिजे, याची तेवढी काळजी कोणी केली नाही. उलट इतर इमारतींना जे अंतर सोडावे लागते त्यात येथे सूट.

क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, हे खरे. पण सहा महिने कामावर न जाता घर कसे चालवायचे? आणि ज्या घरात दिवसाही दिवा लावावा लागतो, त्याचे विजेचे बिल वेगळेच. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या एका वहिनीने मला दाखवले होते. दुपारी एक वाजता ट्यूबलाईट बंद केली, तर मुलाच्या वहीतली अक्षरे दिसेनात.

दुसरीकडे काय केले

टीका करणे सोपे असते, म्हणून जेथे काही बरे झाले ते मी शोधून वाचते, जमल्यास पाहूनही येते. नवी मुंबईत बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज आहे. १९८३ ते १९८६ च्या दरम्यान वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी ती वसाहत आखली. सात-सात घरे एका छोट्या अंगणाभोवती, एकही टॉवर नाही, आणि तरी हेक्टरी ५०० माणसे बसवून दाखवली. प्रत्येक घर स्वतंत्र भिंतींचे, म्हणजे ज्याला पुढे वाढवायचे त्याला शेजाऱ्याशी न भांडता वाढवता येईल. आता तेथील पुष्कळ घरे पाडून लोकांनी मोठी बांधली आहेत. काहींना त्याचे वाईट वाटते. मला वाटले नाही. ज्याच्याकडे पैसा आला त्याने घर वाढवले, याचसाठी तर ते आखले होते. अर्थात हे परळ-वरळीला लागू नाही, तेथे एवढी जमीन कोठली?

आपल्या कामाचे जास्त उदाहरण पुण्यातल्या येरवड्याचे आहे. केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या पैशातून, २००९ नंतरच्या काही वर्षांत तेथील झोपडपट्ट्यांत घरे जागच्या जागी बांधली गेली. ज्यांची घरे पक्की होती त्यांना हात लावला नाही. फक्त कच्ची घरे पाडली आणि त्याच जागेवर २७० चौरस फुटांचे घर उभे केले. खालची जागा लहान असेल तर वरचा मजला. घरामागे सरकारने तीन लाख धरले आणि त्यातला दहावा हिस्सा कुटुंबाने घातला. महिला मिलनच्या बचत गटांतल्या बायका घरोघरी जाऊन समजूत घालत, वास्तुशिल्पी एकेका कुटुंबाबरोबर बसून आराखडा ठरवत. कोणी गल्ली रुंद व्हावी म्हणून दोन फूट सोडले, कोणी आड बसले. तेथे लिफ्ट नाही, त्यामुळे लिफ्टचे बिल नाही. शेजार तोच, मुलांची शाळा तीच, कामाची घरे तीच.

याच महिला मिलनच्या बायकांनी भायखळ्याच्या फुटपाथवर राहात असताना, १९८०च्या दशकात, पूर्ण आकाराचे नमुना घर उभे करून लोकांना दाखवले होते. चौदा फूट उंची, आत पोटमाळा. इंजिनियरने नाही, फुटपाथवरच्या बायकांनी!

खडूचा आराखडा

ते वाचून मला सुचले. आत्याबाईंच्या प्रश्नानंतरच्या रविवारी मी माहेरी गेले. विहारापुढच्या मोकळ्या जागेत आम्ही पाचशे फुटांचे घर खडूने खऱ्या मापात आखले. टेप चाळीतल्या सुतारकाम करणाऱ्या भावाचा. भिंतीच्या जागी खडूची रेघ, दाराच्या जागी चपला. मग एकेकीला म्हटले, या, संसार मांडा.

जे कागदावर दिसत नव्हते ते दहा मिनिटांत दिसले. शिलाई मशीन खिडकीपाशी ठेवले तर कपाटाचे दार उघडत नाही. वाळत घालायला दोरी बांधायची कोठे, तर जागाच नाही. एक वहिनी म्हणाली, "पापड-मसाल्याचं वाळवण कुठं घालायचं? गच्ची चाळीस जणींना कशी पुरणार?" तिचा महिन्याचा किराणा त्या मसाल्यावर चालतो. दहावीतली पोरगी गुपचूप जाऊन एका कोपऱ्यात मांडी घालून बसली आणि म्हणाली, "ही जागा माझी." कोणी तिला उठवले नाही.

शेवटी आत्याबाई आल्या. दोघींनी हात धरून त्यांना रेघेच्या आत आणले. त्या चक्क आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "इथं माझी खाट. मोरी जवळ पायजे." खाटेपासून मोरीपर्यंतची पावले आम्ही मोजली. नंतर त्याच खडूने लिफ्ट आखली, आमच्या इमारतीतल्या लिफ्टच्या मापाची. आत्याबाई त्यात मावल्या नाहीत. स्ट्रेचरची लिफ्ट किती लांब हवी, तेही मग आखून दाखवले.

त्या दुपारी बायकांनी चौकशीचे पत्र लिहिले. मुसुद्दा मी केला, पण मुद्दे त्यांचे. प्रत्येक इमारतीत स्ट्रेचर मावेल अशी किमान एक लिफ्ट आहे काय, आणि वीज गेल्यावर ती कशावर चालणार? खालच्या पाच मजल्यांना दिवसातून किती तास ऊन मिळेल, दोन इमारतींमधले अंतर किती? विहार, बालवाडी आणि वाचनालय कोणत्या मजल्यावर? बी.डी.डी. प्रकल्पात पहिली बारा वर्षे देखभाल सोसायटीवर पडणार नाही असे जाहीर झाले आहे, ते आमच्या करारात लेखी आहे काय? आणि तेराव्या वर्षी महिन्याचा खर्च घरामागे किती येईल, याचे अंदाजपत्रक आज द्यावे. हा शेवटचा प्रश्न लिहिताना माझ्यापेक्षा धुणीभांडी करणाऱ्या मावशींचाच आग्रह जास्त होता.

घराच्या कागदावर नवरा-बायको दोघांची नावे लागली पाहिजेत, हेही त्यांनी वेगळे लिहायला लावले. पुनर्वसनाच्या नियमात तशी तरतूद आहे, तरी फॉर्म भरताना 'कशाला उगाच' म्हणून दुसरे नाव गाळणारे महाभाग आपल्यातही आहेत. बायकांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यांचा फोटो ज्या भिंतीवर लावायचा, ती भिंत एकट्याच्या नावावर ठेवताना जरा विचार करावा.

गच्चीचा उपयोग

आमच्या सात मजली इमारतीत मात्र आता बोलून उपयोग नाही, ती बांधून झाली आहे. तेथे आम्ही हाती आहे त्यातून मार्ग काढत आहोत. सर्वात मोठा खर्च सामाईक विजेचा, म्हणून तेथून सुरुवात केली. जिन्यातले जुने दिवे बदलून एलईडी लावले. गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा ठराव पास केला आहे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. दहा किलोवॉट बसवले तर महिन्याला बाराशे युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी बारा हजार वाचतात, म्हणजे घरामागे १४३ रुपये. वीस हजारांच्या ठेवीवरच्या व्याजापेक्षा जास्त! फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे १८ हजारांचे अनुदान आहे. दहा किलोवॉटला एक लाख ऐंशी हजार. उरलेल्या पैशांसाठी बचत गटांतून कर्ज घ्यायचे की दुरुस्ती निधीला हात लावायचा, यावर मतभेद आहेत. मी कर्जाच्या बाजूची. निधीला एकदा हात लागला की तो परत भरत नाही, हे हिशेबाच्या टेबलावर वीस वर्षे पाहात आले आहे.

गच्ची आधी गळतीमुक्त करायला हवी, नाहीतर पॅनेल पुन्हा उचलावे लागतील. चेअरमन भाऊंनी दोन कंत्राटदारांचे भाव आणले आहेत, त्यात मोठी तफावत आहे. तिसरा भाव आल्यावर येत्या रविवारी सकाळी दहा वाजता सभा आहे. थकबाकीदारांची यादी या वेळी फळ्यावर लावायची नाही असे आम्ही ठरवले आहे. गेल्या वेळी लावली आणि नेमकी दोन विधवा भगिनींची नावे वर आली. त्याऐवजी प्रत्येकाच्या हाती वरचा जमाखर्च छापून द्यायचा, ११७ रुपयांचा आकडा ठळक करून.

डिलाईल रोडच्या पत्राला पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे. आत्याबाई दर दोन दिवसांनी फोन करून विचारतात, लिफ्टचे काय झाले?